चार महिने शिल्लक

गुरुजींच्या न्हाणीघरातल्या साबणावर तारीख कोरलेली असते. नवी वडी काढली की खिळ्यानं तिच्या पाठीवर दिवस आणि महिना कोरायचा. त्यांच्या अंदाजाच्या आधी वडी संपली तर घरात कुणीतरी उधळपट्टी करतंय असं समजायचं. घरात माणसं दोनच, ते आणि काकू, त्यामुळे कोण करतंय हे विचारावं लागत नाही. ट्यूबलाइटच्या पट्टीवर बॉलपेननं तारीख असते, झाडूच्या दांड्यावर असते, भिंतीवरच्या घड्याळामागं सेल बदलल्याच्या तारखांची रांग असते. छत्रीच्या मुठीला कागद चिकटवलाय, त्यावर दोन तारखा आहेत. एक घेतल्याची, एक काडी बसवून आणल्याची.

मी त्यांची भाडेकरू. भोरच्या एसटी स्टँडपासून चार पावलांवर त्यांच्या घराच्या पुढच्या अंगाला तीन गाळे आहेत. मधल्यात माझं दुकान: झेरॉक्स, सातबारा, पॅनकार्ड, पासपोर्टचे फॉर्म, कॉलेजचे अर्ज. एका बाजूला सलून, दुसऱ्या बाजूला बियाणांचं दुकान. भाडेकरू होण्याच्या आधी मी त्यांची विद्यार्थिनी होते, विंझरच्या शाळेत, चौथीत. म्हणजे या माणसाचा वैताग मला चाळीस वर्षांपासून आहे, आणि वैतागाचं कारण तेव्हापासून एकच आहे.

ते सांगतात, मुदतीच्या आधी वस्तू टाकली तर आपण स्वतःला फसवलं, मुदतीनंतर वापरली तर दुसऱ्याला. हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलं आणि घरात पाळलं. बिस्किटाचा पुडा आणला की ते आधी मागची तारीख बघणार, कपाटात ठेवणार आणि त्या तारखेला फोडणार. मग गाळ्यातल्या आम्हा सगळ्यांना बोलावणार, कारण एका दिवसात संपवायचा असतो. त्या घरात मी कधी ताजं बिस्किट खाल्लं नाही. मुदत संपलेलंही खाल्लं नाही, एवढं कबूल करायला हवं.

ते निवृत्त झाले त्या दिवशीचं विंझरला अजून सांगतात. मी तेव्हा लग्न होऊन भोरला आले होते, पण निरोप समारंभाला मुद्दाम गेले होते. मांडव घातलेला, पाहुणे येऊन बसलेले, हार टोपलीत. गुरुजी वर्गात शुद्धलेखन घालत होते. सरपंच दोनदा दारात जाऊन आले. दुसऱ्यांदा गुरुजी म्हणाले, "सरकारनं मला पाच वाजेपर्यंत ठेवलंय. पाचला पंचवीस मिनिटं आहेत." पाहुण्यांना पुढं वेल्ह्याला दुसरा कार्यक्रम होता. ते हार न घालताच निघून गेले. पाचची घंटा झाली, गुरुजींनी खडू टेबलावर ठेवला, हात धुतले आणि मांडवात येऊन बसले. भाषण करायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच केलं.

माझ्या गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा असतो. त्याचं नूतनीकरण करायला ते अकराव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी येतात, संध्याकाळी, मी शटर ओढायच्या बेतात असताना. चार दिवस आधी करू म्हटलं की म्हणतात, "चालू करार असताना दुसरा कशाला?" नोंदणीची वेबसाइट शेवटच्या दिवशी हमखास अडते, साक्षीदार गावाला गेलेले असतात. मग माझी धावाधाव आणि ते स्टुलावर बसून सलूनवाल्याशी निवडणुकीवर बोलतात.

आणि चौथीतला तो फॉर्म. स्कॉलरशिपच्या परीक्षेचा. माझे वडील तेव्हा कात्रजला गवंड्याच्या हाताखाली कामाला होते, सही घेऊन यायला त्यांना एक दिवस उशीर झाला. गुरुजींच्या टेबलावर फॉर्मचा गठ्ठा तसाच पडलेला होता, तालुक्याला जायचा होता. वडिलांनी टोपी काढून हातात घेतली होती. गुरुजी म्हणाले, "तारीख काल होती." गठ्ठा तिसऱ्या दिवशी गेला. मी त्या परीक्षेला बसले नाही. पुढं मी लोकांचे फॉर्म भरण्याचंच दुकान काढलं यात कुणाला काही अर्थ दिसत असेल तर दिसू दे. मला त्यातून पोट भरता येतं, एवढंच मला दिसतं.

तर पासपोर्ट. मी पासपोर्टचे फॉर्म भरायला लागले तेव्हा माझं पहिलं गिऱ्हाईक गुरुजीच होते. काकूंचा काढायला ते तयार झाले नाहीत, कारण तिला कुठं जायचंय. यांना तरी कुठं जायचं होतं? चौकशीला आलेल्या पोलिसानं नेमकं हेच विचारलं.

"कुठं जाणार गुरुजी?"

"कुठंच नाही."

"मग काढताय कशाला?"

"नागरिकाला मिळतो ना? मग घरात असावा."

पोलिसानं माझ्याकडं बघितलं. मी प्रिंटरकडं बघितलं. पासपोर्ट आला, गुरुजींनी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळला आणि कपाटात ठेवला. दहा वर्षांची मुदत. दहा वर्षं तो तिथंच राहिला, एकाही पानाला शाई न लागता.

मग विहारातून श्रीलंकेची सहल निघाली. भोर आणि वेल्ह्यातली मिळून चौदा माणसं, आठ दिवस, दिवाळीनंतर. अनुराधापूरला बोधिवृक्ष आहे, आपल्याकडच्या झाडाची फांदी नेऊन लावलेला. काकू तरुणपणापासून त्या झाडाचं बोलत आल्या आहेत. काकू एरवी फार बोलत नाहीत. गुरुजी बोलत असतात, त्यामुळे त्यांना तशी संधीही नसते. पण सहलीचं कळल्यावर त्या स्वतः दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "माजा पासपोर्ट काढ. त्यास्नी विचारू नगंस." मी काढला. फोटोत त्या एखाद्याशी भांडायला निघाल्यासारख्या दिसतात.

त्याच महिन्यात, म्हणजे जुलैत, मी गुरुजींना म्हटलं, "तुमचा बघू." त्यांनी पिशवीतून काढून दिला. मुदत चौदा मार्चपर्यंत.

"गुरुजी, हा नवा करून घ्यायला लागेल."

"का? चालू आहे."

"सहल नोव्हेंबरात आहे. तिथं पोचता त्या दिवसापासून पुढं सहा महिने पासपोर्ट चालू असावा लागतो. तुमचे चारच शिल्लक राहतायत."

"मी आठ दिवसांसाठी चाललोय."

"आठ दिवसांसाठी गेलात तरी."

ते हसले. वर्गात एखाद्या पोरानं चुकीचा पाढा म्हटला की हसायचे तसं. "एसटीचा पास एकतीस तारखेपर्यंत असेल तर कंडक्टर पंचवीसला खाली उतरवतो का?"

मी समजावून सांगितलं. माणूस तिकडं आजारी पडतो, अडकतो, त्याचे कागद परक्या देशात संपले तर त्याला परत पाठवायचं कसं, म्हणून तो देश आधीच मोकळी जागा मागतो. नियम त्यांचा आहे, आपल्या सरकारचा नाही. विमानवालेच चढू देत नाहीत. हे मी रोज दोन गिऱ्हाइकांना सांगते आणि दोघांनाही ते पटतं. गुरुजी म्हणाले, "म्हणजे आपल्या सरकारनं शिक्का मारून दिलेली तारीख खोटी."

"खोटी नाही. थोडी आधी कामातून जाते."

"तारीख म्हणजे तारीख."

समोर काकू बसल्या होत्या, म्हणून मी घरातलं उदाहरण काढलं. "गॅस संपायच्या आधी सिलिंडरचा नंबर लावता की नाही?"

"नाही. संपल्यावर."

"व्हय, संपल्यावर," काकू म्हणाल्या. "मग दोन दिवस मी मागच्या अंगाला चुलीवर करते."

यावरही गुरुजींना काही वाटलं नाही. त्यांनी मला दिल्लीला पाठवायचं चार पानी पत्र टाइप करायला लावलं. महिन्याभरानं उत्तर आलं, तेही मी सांगितलेलंच. गुरुजींनी ते वाचलं, त्यावर मिळाल्याची तारीख घातली आणि फाइलला लावलं.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. मी दर आठवड्याला आठवण करायची, ते दर आठवड्याला विचार चालू असल्याचं सांगायचे. एकदा ते खरोखर तयार झाले होते. फॉर्मही अर्धा भरून झाला. मग त्यांनी विचारलं, "जुन्याचं काय होतं?"

मी खोटं बोलायला हवं होतं. "तो रद्द करून परत देतात. कोपरा कापून."

"चालू असताना?"

"हो."

"अगं, जिवंत माणसाचा मृत्यूदाखला काढायला निघालीस की तू." आणि उठून गेले. स्क्रीनवर त्यांचा अर्धा फॉर्म, बाहेर सात माणसं रांगेत, आणि मी कीबोर्डवर हात ठेवून बसलेली.

ऑक्टोबरात सहल नेणारे वेल्ह्याचे गृहस्थ सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करायला माझ्या दुकानात आले. त्यांचं नाव रमाकांत, पूर्वी एसटीत होते, आता सहली नेतात. चौदातले बारा त्यांनी पिशवीत टाकले. गुरुजींचा उघडला, बघितला आणि काउंटरवर ठेवला.

"जय भीम, गुरुजी. ह्यो न्हाई चालायचा."

"चार महिने शिल्लक आहेत त्यात."

"आवो सहा लागत्यात. मी तिकीट काढलं तरी इमानतळावर तुमाला माघारी लावत्याल. मग मी बारा जणं सांबाळू का तुमाला?"

मी म्हटलं, "तत्काळमध्ये भरते. आत्ता. पुण्याला जाऊन या, आठ दिवसांत हातात येईल. अजून वेळ आहे."

गुरुजी स्टुलावर बसले होते. काकू त्यांच्या शेजारी, हातात स्वतःचा पासपोर्ट धरून. तो त्यांनी अजून पिशवीत टाकला नव्हता. मला तेव्हा दिसलं की गुरुजींचा पासपोर्ट अडला तर काकूंचीही सहल अडते. पंचेचाळीस वर्षांत काकू नवऱ्याशिवाय कुठं गेलेल्या नाहीत, माहेरीसुद्धा सोडायला आणि आणायला ते जायचे, आणि आणायची तारीख सोडतानाच ठरलेली असायची.

"चालू पासपोर्ट मी कापायला देणार नाही," गुरुजी म्हणाले. "मार्चमध्ये संपेल, मग नवा काढू. पुढच्या साली जाऊ दोघं. झाड काही पळून जात नाही."

माझं डोकं गेलं. चाळीस वर्षांत कधी बोलले नव्हते ते बोलले. "एका दिवसावरून तुम्ही माझा फॉर्म घेतला नाहीत गुरुजी. गठ्ठा तुमच्या टेबलावर होता. आता चार महिन्यांसाठी काकूंना बसवताय."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं विसरले असतील. म्हणाले, "तुझे वडील पाच तारखेला आले होते. शेवटची चार होती."

म्हणजे लक्षात होतं. वार विचारला असता तर तोही सांगितला असता.

काकूंनी मला विचारलं, "माजा कवापतूर चालतो गं?"

"तुमचा नवा आहे काकू. दहा वर्षं."

"आन गुडघं?"

त्यांनी उजव्या गुडघ्यावर पासपोर्ट टेकवला.

"डाक्टर म्हनतो उजवा गेलाय, डावा जातोय. कंदी, ते न्हाई सांगत. साबणावर लिवलंय, झाडूवर लिवलंय. माज्या गुडघ्यावर कुटं छापलीया तारीख?" त्या हे गुरुजींकडं बघून बोलत नव्हत्या, पासपोर्टकडं बघून बोलत होत्या. मग त्यांनी तो रमाकांतच्या पिशवीत टाकला. "माजं नाव ऱ्हाऊ दे."

"एकटी?" गुरुजी म्हणाले.

"बारा जणं हायती की."

रमाकांतनी पिशवीची चेन लावली. एसटीत काम केलेल्या माणसाला गाडी कधी सोडायची ते बरोबर कळतं.

निघायच्या सकाळी विहारापुढं टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती. मी काकूंच्या श्रीलंकेतल्या प्रवेश-परवानगीची प्रिंट द्यायला गेले होते. गुरुजींनी त्यांच्या गोळ्यांच्या आठ पुड्या केल्या होत्या, प्रत्येक पुडीवर तारीख. एकेक पुडी दाखवून ते कुठल्या दिवशी कुठली ते सांगत होते, जणू तारीख वाचता येऊन भागणार नव्हतं. काकू हो हो म्हणत होत्या आणि खिडकीजवळची जागा कुठली मिळतेय ते बघत होत्या. गाडी निघाली तेव्हा गुरुजींनी हात हलवला नाही. घड्याळ बघितलं. "बारा मिनिटं उशीर," म्हणाले.

पुढचे आठ दिवस मला भोगावे लागले. ते रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसत.

"तिकडं किती वाजले असतील?"

"इथं जेवढे वाजलेत तेवढेच, गुरुजी. तिकडची आणि आपली वेळ एकच आहे."

"असं होय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "तिकडं किती वाजले असतील?" मी पाच वेळा तेच उत्तर दिलं. सहाव्या वेळेला आकडा सांगून मोकळी झाले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडचा गॅस संपला. अर्थातच नंबर लावलेला नव्हता. सकाळी ते पातेल्यात अर्धवट शिजलेला भात घेऊन माझ्या दुकानात आले आणि तो काउंटरवर, आधारकार्डांच्या झेरॉक्सशेजारी ठेवला. मागच्या अंगाची चूल त्यांना पेटवता आली नव्हती. शर्टावर राख होती. मी भात घरी नेऊन शिजवला, तीन दिवस त्यांना डबा दिला. पहिल्या डब्याच्या वेळी ते म्हणाले, "ती हे कसं करत असेल?"

"चुलीवर," मी म्हटलं. "दर सिलिंडरला दोन दिवस."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. डबा परत आला तेव्हा धुतलेला होता, एवढं सांगते.

काकू परत आल्या. पाय सुजलेले, चेहरा उन्हानं रापलेला. त्यांनी दोन पुड्या न फोडता परत आणल्या होत्या आणि बाकीच्या तारीख न बघता घेतल्या होत्या. गुरुजींनी टेबलावर त्या लावून हिशोब जुळवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. काकूंनी पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत झाडाखाली पडलेलं एक पान होतं, वाळलेलं, एका बाजूनं दुमडलेलं. गुरुजींनी ते हातात घेतलं, उलटं केलं, सवयीनं खिशातलं पेन काढलं.

"त्येच्यावर लिवाल तर बगा," काकू म्हणाल्या.

पेन परत खिशात गेलं. गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी तारीख न घालता ठेवलेली ती एकमेव वस्तू असावी.

फेब्रुवारीत काकूंचा डावा गुडघाही गेला. आता त्या घरातल्या घरात वॉकर घेऊन फिरतात, पायरी उतरत नाहीत. मी कधी बघायला गेले आणि वाईट वाटल्याचा चेहरा केला की म्हणतात, "बगून आले मी. तू कशाला त्वांड पाडतीस?" मग झाडाला पितळी कठडा कसा आहे, पांढरे कपडे घातलेल्या बाया कशा बसतात, रमाकांत कसा सगळ्यांच्या चपला मोजत फिरत होता, हे सांगत बसतात. बोलतात आता. गुरुजी ऐकतात. हे ते आधीही ऐकू शकले असते, पण ते जाऊ दे.

पंधरा मार्चला, पासपोर्ट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुजी सकाळी दहाला पिशवी घेऊन हजर. "आता संपला. आता कर." मी केला. पुण्याहून परत आल्यावर त्यांनी मला कापलेल्या कोपऱ्याचा जुना पासपोर्ट दाखवला. सगळी पानं कोरी. "वापरला नाही," म्हणाले, आणि कपाटात ठेवायला घेऊन गेले. नवा पोस्टानं आला आणि चार दिवसांनी त्याच्या पुठ्ठ्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. त्यावर मुदतीची तारीख होती, छापलेल्या तारखेच्या बरोबर सहा महिने आधीची. तसलीच चिठ्ठी त्यांनी काकूंच्या पासपोर्टवरही लावली होती. मी म्हटलं, "हे जुलैत पटलं असतं तर?" त्यांना ऐकू आलं नाही. ऐकू न येण्याची त्यांची एक बाजू आहे, ती गरजेप्रमाणे बदलते.

आणि परवा, मे महिन्याच्या शेवटी, भर दुपारी, दुकानात पाय ठेवायला जागा नाही अशा वेळी, ते कराराचे कागद घेऊन आले. कॉलेजचे प्रवेश चालू आहेत, सर्व्हर दर दहा मिनिटांनी बसतोय.

"हे करून टाकू," म्हणाले.

मी तारीख बघितली. "गुरुजी, करार जूनअखेरपर्यंत आहे. अजून महिना शिल्लक आहे."

"माहीत आहे मला."

"आज माझ्याकडं साक्षीदार नाही, फोटो नाही, वेळ तर मुळीच नाही. तारीख म्हणजे तारीख, असं तुम्हीच म्हणता ना?"

"ती कराराची झाली," ते म्हणाले आणि स्टूल पुढं ओढून बसले. "माझ्यावर कुठं छापलीय?"

रांगेतली माणसं हसली. गुरुजी हसले नाहीत. मी चालू असलेला फॉर्म बाजूला ठेवला आणि सलूनवाल्याला साक्षीदार म्हणून हाक मारली. तो अर्धी दाढी टाकून आला. सहीला गुरुजींनी स्वतःचं पेन काढलं. त्याच्या टोपणावर कागदाची पट्टी होती, आणि पट्टीवर रिफिल घातल्याची तारीख.